बंद ठेवलेल्या नऊ ओळी

त्या नऊ ओळी मीच बंद केल्या होत्या. आधीच सांगून टाकते, उगाच दुसऱ्या कुणावर आळ नको.

वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिते. प्रेसखाली हात गेला की सेन्सर ओळखतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. थांबवणाऱ्या त्या नऊ ओळी. सोमवारी सेन्सरवर धूळ बसून मशीन सारखं अडकत होतं, आणि मला दुसरंच काही तपासायचं होतं. म्हणून ओळींच्या वर #if 0 टाकलं, खाली #endif. मधलं काही पुसलं जात नाही, पण मशीनपर्यंत पोचतही नाही. असं करणाऱ्यानं शेजारी नाव लिहायची आमच्याकडं रीत आहे. मीही लिहिलं, 'रत्नमाला, तात्पुरतं'. डोंबलाचं तात्पुरतं! जेवून आले आणि तोच प्रोग्राम मशीनवर चढवून मोकळी झाले.

मंगळवारी पुंडलिकभाऊंची दोन बोटं गेली.

आमचे साहेब अभय म्हणाले, "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, असा रिपोर्ट गेलाय. तू ओळी चालू कर, नाव काढ आणि गप बस."

ओळी चालू केल्या. नाव काढलं नाही. पण गप मात्र बसले, आणि दवाखान्यात जायला मला शनिवार उजाडला.

पुंडलिकभाऊ करमाडचे, बारा वर्षं प्रेसवर. मला बघून उठायला लागले. शेजारी त्यांची बायको, चंपाबाई.

"माफ करा, मॅडम. पत्रा अडकला म्हणून हात घातला. मशीन थांबतंच हो, पर माझंच ध्यान नसल."

"ते थांबणारच नव्हतं, भाऊ. मी बंद केलं होतं, चालू करायचं विसरले. तुमची काहीएक चूक नाही. तसं मी लेखी देणार आहे."

आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली. पण ते बायकोकडं वळले. "ऐकलं का गं? मी चुकलो नव्हतो." आणि लहान लेकरागत रडायला लागले.

चंपाबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग माझ्याकडं बघितलं.

"चार दिस हा मानूस धडक्या हातानं सोताच्या तोंडात मारून घेतोय, बाई. चार दिस कुठं व्हत्या तुमी?"