लवूची बरगडी

गिरणीमागचं कापसाचं गुदाम पेटलं, तेव्हा चाळीतल्या पुरुषांनी बंबवाल्यांच्या बरोबरीने माणसं बाहेर काढली. चार दिवसांनी सरकारची एक्सरेची गाडी नाक्यावर आली. धुरात सापडलेल्या सगळ्यांची छाती फुकट तपासणार, औषधपाणीही फुकट. पुरुष गेले खरे, पण एकानेही आपलं खरं नाव सांगितलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत लाठ्या खाल्लेली मंडळी ती. सरकारी वहीत नाव चढलं की पोलीस दारात, एवढंच त्यांना ठाऊक. सुभद्राचा नवरा लवू ‘रामजी’ होऊन आला आणि वर हसलाही.

हसता हसता खोकला. तो खोकला आठवडाभर थांबेना.

एका सकाळी गाडीवरच्या डॉक्टरीणबाई मजल्यामजल्यावर विचारत तीन जिने चढून आल्या. मागे खाकीतला ड्रायव्हर. खाकी दिसताच मजल्यावरची पुरुषमंडळी घरात शिरली. लवू दाराआड झाला.

“रामजी कोण? धुरानं त्यांचं फुप्फुस बिघडलंय. आजच दवाखान्यात न्यायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल.”

बाईंनी एक्सरेचा काळा फोटो उजेडाकडे धरला.

सुभद्रा बघतच राहिली. जित्या माणसाच्या आतलं असं दिसतं? पांढुरक्या बरगड्या, एकीखाली एक, आणि डावीकडे एकीवर गाठ. ती गाठ तिच्या बोटांच्या ओळखीची होती. मोर्च्यातून आला त्या दिवशी हळदीचा लेप लावून, जुनं लुगडं फाडून तिनेच ती छाती आवळून बांधली होती.

“ह्यो माझो घोव, बाई. लवू नाव त्येचा.”

“घात केलंस गो!” लवू बाहेर आला.

“ही बरगडी कशानं मोडली?” बाईंनी विचारलं.

लवूने खाकीकडे पाहिलं. “लाठी. मोर्च्यात.”

“बांधली कुणी?”

“मी,” सुभद्रा म्हणाली.

“सुरेख जुळलीय.” बाईंनी वहीतलं ‘रामजी’ खोडून ‘लवू’ लिहिलं. लाठीचं काहीच लिहिलं नाही.

सुभद्राचे हात आपसूक जोडले गेले. ज्यांनी बरगडी मोडली, त्यांचीच गाडी तिच्या नवऱ्याला शोधत आली होती. कुणाला हात जोडले, ते तिचं तिलाच कळेना.

जिन्यात लवू थांबला. खोकत ओरडला, “अरे, खरी नावां सांगा रे!”

शेजारचं दार उघडलं. गणपत मान खाली घालून पुढे आला.

“बाई, तुमच्या वहीतला शामराव तो मी.”