भरल्या घागरींचा कायदा

"एकानं एकच हात वर करायचा. दोन्ही केले तर मत बाद," शेषेराव कंडक्टरनं बजावलं आणि तिकिटांची पेटी काखेत मारून तो हात मोजू लागला.

लातूर-मुरुड गाडीला हे नवं नव्हतं. शेषेरावचं म्हणणं साधं होतं. दिल्लीत पाचशे माणसं हात वर करतात आणि देशाचा कायदा होतो. मग ज्यांच्या मानेवर तो बसणार, त्यांनीच हात वर केले तर बिघडलं कुठं? पोस्ट गावोगाव आहे. घरोघर कार्ड पाठवा, हो का नाही विचारा. सरकारला ही अक्कल येईपर्यंत लोकांना निदान सवय असावी, म्हणून तो गाडीत रोज एक कायदा मतास टाकायचा. हुंडा बंद होऊन महिना झाला होता. मंत्र्यांनी एस.टी.नंच फिरावं, हा कायदा तर एकमतानं झाला होता.

"गाडीत पन्नास माणसं, देशात सत्तर कोटी," ड्रायव्हर नरसिंग म्हणायचा. "एवढे हात मोजायचे कोणी?"

"मोजणारे बी सत्तर कोटी हायत की."

गाडी जे ठरवील ते कंडक्टर पाळणार, हा त्याचा शब्द होता. आज तोच गळ्याशी आला. आजचा कायदा मुरुडच्या व्यंकटरावांनी मांडला होता. मोठे बागायतदार, परीटघडीचं धोतर. पूर्वी कामासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालायचे. लातूर जिल्हा झाल्यापासून लातूरला घालत. जिल्हा जवळ आला, हेलपाटा काही सुटला नाही.

"भरल्या घागरी गाडीत घ्यायच्या न्हाईत," त्यांनी सांगितलं होतं. "काल माझं धोतर भिजलं."

त्या वर्षी पाऊस रुसला होता. शेषेरावच्या गावच्या विहिरी आटल्या होत्या. वाटेतल्या मळ्याच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. तिथून बायका घागरी भरून घेत आणि पुढच्या थांब्यापर्यंत, आपल्या गावापर्यंत, गाडीनं येत. त्यांत शेषेरावची आई केवळाबाईही असायची. बौद्धवाड्यातली म्हणून विहिरीवर तिचा नंबर शेवटी लागायचा. काल धोतरावर सांडलेली घागर तिचीच होती. धोतराचं नुसतं निमित्त होतं, हे गाडीला ठाऊक होतं आणि शेषेरावलाही.

तरी हात भराभर वर झाले. कुणाला ओल नको होती, कुणाला व्यंकटरावांशी वाकडं नको होतं.

"ठराव पास," शेषेराव म्हणाला. तोंड कडू झालं होतं, पण शब्द तो शब्द.

मळ्याचा थांबा आला. बायका कमरेवर घागर आणि हातात कळशी घेऊन उभ्याच होत्या. शेषेरावनं दार अडवलं.

"आज घागरी बंद. कायदा झालाय."

"कोणी केला?" पुढच्या सरजाबाईनं विचारलं.

"पब्लिकनं."

"मग आमी कोण, म्हशी?"

गाडी खदखदून हसली. शेषेराव मात्र हसला नाही. दिल्लीवर रोज तोंडसुख घेणारा तो, त्यानंच आज दिल्लीसारखं केलं होतं. ज्यांचं पाणी, त्यांना विचारलंच नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. तो दारातून बाजूला झाला.

"चढा. मत द्यायला चढा."

"झालेला कायदा मोडायलास का?" व्यंकटराव कडाडले.

"मोडत न्हाई, मालक. मतदार राहिले होते."

"चढू दे," व्यंकटराव म्हणाले. "पण खाली घागर टेकवायची न्हाई. कायदा अजून चालू हाय."

बायका चढल्या. शेषेरावनं पुकारलं, "घागरी घ्याव्यात म्हणणारांनी हात वर करा." एकही हात हलला नाही. एक हात घागरीला, दुसऱ्यात कळशी. वर करायचा कुठला? व्यंकटराव मिशीत हसले.

सरजाबाईनं शेजारच्या मास्तरांकडं पाहिलं. "धरा बरं जरा. मत देऊ द्या." मास्तरांनी घागर मांडीवर घेतली. त्यांचं पाहून पुढच्यानं घेतली, मग मागच्यानं. बघता बघता साऱ्या घागरी मांड्यांवर गेल्या आणि बांगड्यांचे हात वर झाले.

एकच घागर राहिली. केवळाबाई व्यंकटरावांच्या बाकापाशी उभी होती. तिची घागर कुणी मागितली नाही. जो तो खिडकीबाहेर बघू लागला.

"राहू दे शेषा," ती म्हणाली. "माझं नको मोजू."

"माय, तुझं धरल्याबिगर मोजणी होत न्हाई."

नरसिंगनं इंजिन बंद केलं. म्हातारी घागरीच्या भारानं एका बाजूला वाकली होती. व्यंकटरावांनी ते पाहिलं. तोंड फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"आण इकडं," ते पुटपुटले आणि दोन्ही हातांनी घागर मांडीवर घेतली.

केवळाबाईनं हात वर केला, पार वरच्या दांडीपर्यंत.

"आता विरोधवाले," शेषेराव म्हणाला. घागरी धरलेल्यांचे हात मोकळे नव्हते, बाकीच्यांनी वर केले नाहीत. पण असला विजय त्याला नको होता. तो व्यंकटरावांजवळ आला. "मालक, तुमचे हात गुंतले. तुमचं मत तोंडी धरतो. बोला."

व्यंकटरावांनी घागरीत पाहिलं. पाणी काठोकाठ होतं.

"मला बोलायला लावू नको. हिंदकळंल. गाडी हळू हाकायला सांग त्याला."

नरसिंगनं गाडी इतकी हळू नेली की सायकलवाले पुढं गेले. गाव आल्यावर घागरी हातोहात उतरल्या. व्यंकटराव स्वतः दारापर्यंत आले. घागर खाली न ठेवता त्यांनी ती केवळाबाईच्या कमरेवर दिली.

तिनं आत डोकावलं. "थेंब न्हाई सांडला," ती म्हणाली.

व्यंकटराव जागेवर जाऊन बसले. घागरीच्या बुडाचा ओला गोल धोतरावर उमटला होता. त्यांनी तो झटकला नाही.

सगळी गाडी 'ठराव पास' ऐकायला शेषेरावकडं बघत होती. त्यानं दोरी धरली आणि डबल बेल दिली.