परीटघडीची नोट

मित्रांनो, मी एक जुनी शंभराची नोट आहे. आज माझ्या अंगावर करपल्याचे तपकिरी डाग आहेत, पण एके काळी मला पाहून दुकानदार आपली गादी सोडून उठत असे.

छापखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काय विचारता! कागद कडक, कडा धारदार आणि खाली एका बड्या अधिकाऱ्याची सही. सहीच्या वर छापले होते, 'मागताच शंभर देण्याचे वचन देतो.' या ओळीवर मी कधी शंका घेतली नाही. ती माझ्याच अंगावर होती ना!

फिरत फिरत मी एका डॉक्टरांकडे आले आणि त्यांनी मला इस्त्रीवाल्या मावशींना दिले. मावशींचे टेबल एका इमारतीच्या जिन्यापाशी, उघड्यावर होते. वारा सुटला की कोळशाची राख पांढऱ्या कपड्यांवर उडायची आणि मावशींना गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागायची. जिन्याखाली एक रिकामी खोली होती. घरमालक ती माझ्यासारख्या चाळीस नोटांना विकणार होता. त्या खोलीसाठी मावशी आणि त्यांची लेक पोटाला चिमटा घेऊन जगत होत्या.

मावशींनी मला पाहिले आणि त्यांच्या तोंडून 'अरेरे' निघाले, कारण मी चुरगळले होते. त्यांनी माझ्यावर पाण्याचा शिपका मारला, वर मलमलचा तुकडा पसरला आणि निवत आलेली इस्त्री हलकेच फिरवली. मग मला चादरीच्या घडीत ठेवले. तिथे माझ्या बहिणी आधीच होत्या, सगळ्या परीटघडीच्या. इतके लाड माझे कोणी केले नव्हते.

पुढे सरकारला खर्च भागेना, म्हणून छापखाना थांबेना. माझ्या पाठच्या बहिणी आल्या त्या पातळ कागदाच्या आणि शून्यांनी लगडलेल्या. वाण्याने भावाची पाटी रंगवणे सोडून खडू हातात घेतला, कारण रंग वाळेपर्यंत भाव बदलायचा. पगार हातात पडला की लोक धावत सुटायचे आणि साबण, तेलाचे डबे, सोन्याची तार, मिळेल ते घ्यायचे. कोणाला छापता येणार नाही असे काहीतरी प्रत्येकाला हवे होते.

शेजारच्या शिंपीकाकांनी मावशींनाही बजावले, की नोटा मोडा आणि काहीही घेऊन ठेवा.

मावशी हसल्या. "लोक नोटा चोळामोळा करून खिशात कोंबतात, मग किंमत उतरणारच. माझ्या नोटांना एक सुरकुती दाखवा."

काका मान हलवून आपल्या शिवणयंत्राकडे वळले. मला मात्र मावशींचे म्हणणे मनापासून पटले. जपलेला कपडा टिकतो, तर जपलेली नोट का टिकू नये?

चाळिसावी नोट आली त्या दिवशी मावशी धुतलेले लुगडे नेसून घरमालकाकडे गेल्या. त्याने आम्हाला मोजलेसुद्धा नाही.

"मावशी, एवढ्या पैशांत आता त्या खोलीचं नुसतं कुलूप येईल," तो खाली पाहत म्हणाला. "खोली मी कालच दिली. त्यांनी साखरेची पोती आणली."

परत आल्यावर मावशींनी आम्हाला टेबलावर पसरले. मग मला लेकीपुढे धरून म्हणाल्या, "यावर काय लिहिलंय ते वाच."

लेकीने वाचले.

"शंभर देतो म्हणतोय. शंभर काय?" मावशींनी विचारले.

लेकीने मला उलटून पाहिले, उजेडाला धरून पाहिले. "तेवढंच लिहिलंय, आई."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळले, की मला फसवले होते आणि माझ्याच हातून या माउलीलाही फसवले होते. तो सही करणारा आमच्या जिन्यापाशी कधी फिरकला नाही.

आता मावशी इस्त्रीच्या बदल्यात कोळसा घेतात. टेबल अजून उघड्यावरच आहे. इस्त्री फार तापली का, हे त्या आधी माझ्यावर फिरवून बघतात. कोणाचा सदरा जळण्यापेक्षा मी करपलेली बरी.

नोटा जपा, असे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? मावशींनी जपले तसे आम्हाला कोणीच जपले नसेल. माझे मागणे एवढेच आहे. मोठे झालात आणि एखाद्या वचनाखाली सही करायची वेळ आली, तर आधी मावशींचा प्रश्न स्वतःला विचारा. माझा सगळा कागद करपला, पण ती ओळ अजून स्वच्छ वाचता येते.