कागदावरचे दोनशे साठ

मी मांडवगण फराटा गावच्या विक्रमच्या दारात उभी असलेली पिवळी स्पोर्ट्स कार बोलतेय. आधीच सांगते, मी रागात आहे. गोड बोलणं आज माझ्याकडून होणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. इंजिन बसवून तपासलं तेव्हा तपासणाऱ्यानं शेजारच्याला बोलावून आकडा दाखवला. तीनशेच्या चांगलीच वर हॉर्सपॉवर भरत होती. पण वरच्या साहेबानं दोनशे साठच लिहायला लावले. का, तर त्याच कंपनीची माझ्याहून महाग गाडी होती आणि तिचा आकडा तीनशे. धाकटी थोरलीपेक्षा जोरकस दिसायला नको! झालं. माझ्या कागदांवर, माहितीपुस्तकात, सगळीकडे दोनशे साठ.

पुण्यातल्या पहिल्या मालकानं मला सिग्नलपासून सिग्नलपर्यंत एवढंच पळवलं. त्याच्याकडून विक्रमनं मला घेतलं आणि गावात आणलं. चाकाखाली लिंबं ठेवली, त्याच्या वडिलांनी, हौसरावांनी, नारळ फोडला. अर्धं गाव माझ्या टपावर हात ठेवून फोटो काढून गेलं.

माझ्या कप्प्यातलं पुस्तक मात्र एकटीनंच वाचलं. विक्रमच्या बायकोनं, स्नेहलनं. लायसन होतं तिच्याकडं, घरची जुनी जीप ती चार वर्षं चालवत होती. दुपारी भांडी आटोपली की माझ्यात येऊन बसायची आणि आपल्याशीच बोलायची, "जीप एकशे वीसची. ही दोनशे साठची. म्हंजी दुपटीच्या वर. तेवढं धरून पाय ठेवायचा." मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं, अगं, ते खोटं आहे!

तिला जायचं असायचं खुटबावला. नदीपलीकडं, दौंड तालुक्यात तिचं माहेर. आईच्या, गिताबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि करणारं दुसरं कोणी नव्हतं. डिसेंबरात जीप गॅरेजला गेली, तेव्हा विक्रमनंच माझी किल्ली तिच्या हातात दिली.

थंडीची सकाळ होती. थंड हवेत माझ्यासारख्यांना आणखी उधाण येतं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. स्नेहलनं लांबवर बघितलं, इंडिकेटर दिला, अर्धाच पाय दाबला. अंदाज बरोबर होता तिचा, पण तो दोनशे साठचा. मी त्याच्या कितीतरी पुढं उसळले. रस्त्यावर उसाचं वाळलेलं, निसरडं पाचट सांडलेलं. मागची चाकं सटकली आणि मी थेट उसात घुसले. स्नेहलचं मनगट मोडलं.

हौसराव आले ते बोलतच. "बाईमाणसाच्या हातात दिलीच कशापायी?"

"आबा, म्या अर्धाच पाय दाबला व्हता," स्नेहल हात छातीशी धरून म्हणाली. "सांगितलंय त्यापरीस लई जोरात गेली ती."

"आता गाडीची चूक व्हय?" विक्रम खेकसला. "कागद बघ की! कंपनी काय खोटं लिहीती?"

लिहिते रे बाबा, लिहिते! पण माझं कोण ऐकणार.

किल्ली त्याच्या खिशात गेली. मग जीपचीसुद्धा गेली. दुधाच्या डेअरीवर आठवडाभर तोच विषय. आणि खुटबावला आई वाट बघायची, जावयाला कधी सवड होतेय याची.

मला दुरुस्त केल्यावर गॅरेजवाल्यानं मशीनवर चढवलं. चाकं रोलरवर फिरवून जोर मोजतात, ते मशीन. आकडा आला दोनशे ब्याऐंशी.

"दादा, हा नुसता चाकांचा," गॅरेजवाला म्हणाला. "इंजिनाचा जोर चाकापर्यंत येईस्तोवर गळतो. इंजिनाला तीनशे वीसच्या आसपास असणार. कंपनीनं कमी लिहिलाय."

विक्रम नाचायचाच बाकी होता. घरी येताना पेढेच आणले. "साठ घोडी वर घातली कंपनीनं!" ओट्यावर ज्याला त्याला सांगत सुटला, जणू भाजीवालीनं मूठभर मिरच्या फुकट टाकल्यात.

शेजारच्या सिंधूबाईंनी पेढा तोंडात टाकला. "त्यात काय नवल? आपुन न्हाई का म्हशीचं दूध धा लिटर आसलं तर सात सांगत? नजर लागू नये म्हणून लिवलं आसंल कमी."

सगळे हसले. मी नाही हसले. म्हशीचं दूध कमी सांगितल्यानं कुणाचं मनगट मोडत नाही.

हसू ओसरलं तशा सिंधूबाईच पुन्हा म्हणाल्या, "म्हंजी विक्रम, स्नेहल खरंच सांगत व्हती म्हण की त्या दिवशी."

हौसरावांनी तंबाखू मळायला घेतली. स्नेहल दारात उभी होती. तिनं हात पुढं केला. "द्या किल्ली. आता मला म्हाईत हाय कितीची हाय ते."

"येडी का काय?" विक्रम म्हणाला. "आता तर न्हाईच. तीनशे वीसची हाय ती!"

ऐकलंत? दोनशे साठची होते, तेव्हा चूक तिची. तीनशे वीसची निघाले, तर मान त्याचा. आणि दोन्ही आकड्यांत किल्ली काही तिच्या हातात नाही.

कंपनीवाल्यांनो, मी जेवढी आहे तेवढी लिहा. तुमच्या थोरलीची अब्रू सांभाळायला माझ्या चालवणारीची घालवू नका. आणि विक्रम, पेढे वाटलेस त्या घरांत पुन्हा जा. "चूक माझ्या बायकोची नव्हती," एवढंच सांगून ये. त्याला लागतो तो जोर कुठल्या मशीनवर मोजता येत नाही.

माझा पत्रा ठोकून सरळ झाला, रंगही चढला. स्नेहलच्या मनगटात भाकरी थापताना अजून कळ येते. उद्या सकाळी ती खुटबावला जाणार आहे. फाट्यापर्यंत चालत, पुढं मिळेल त्या गाडीनं. आणि मी इथं दारात उभी असेन, ताडपत्री पांघरून, तीनशे वीस घोड्यांची.