अण्णांच्या अंगठ्याखालचा खटका

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. माईक चालू आहे की नाही हे बघायला त्याच्या डोक्यावर टिचक्या माराव्या लागत नाहीत. फुंकावं तर मुळीच लागत नाही. नुसतं बोललं तरी कळतं. पण सरपंचांपासून नवरदेवाच्या मामापर्यंत प्रत्येकानं आधी मला दोन टिचक्या मारल्या आणि मगच तोंड उघडलं. माझ्या जाळीला डाव्या अंगाला पोचा आहे, तो अशाच एका उत्साही मामांनी मला मांडवात पाडलं तेव्हाचा.

माझा कारखाना कोणता, मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती सोलापूरच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची. छत्तीस वर्षांपूर्वी लोहाऱ्याचे मच्छिंद्र तिथं आले, मला हातात घेऊन चार वेळा उलटंसुलटं पाहिलं आणि एस.टी.त मांडीवर ठेवून घरी आणलं. लाऊडस्पीकर भाड्यानं देणं हा त्यांचा धंदा. अंगानं मी काळा, डोक्यावर पोलादी जाळी आणि पोटावर अंगठ्यानं सरकवायचा एक खटका. खटका वर सरकवला की मी चालू, खाली सरकवला की बंद. या खटक्यामुळेच पुढं सगळं घडलं, म्हणून तेवढं लक्षात ठेवा.

भीमजयंतीची गाणी, यात्रेतल्या कुस्त्यांची पुकारणी, निवडणुकीतली आश्वासनं, सगळं माझ्यातून गेलं. पण माझा सगळ्यात आवडता हात होता माकणीच्या मल्लिनाथअण्णांचा. अण्णा सोंगी भारूड करत. लुगडं नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून ते नवऱ्याला फैलावर घेणाऱ्या बाईचं सोंग काढत. त्यांनी मला हातात घेतलं की पुढच्या रांगेतली माणसं आधीच हसायला लागत. आसपासच्या वीस गावांत त्यांचं नाव होतं. ते आले की माझाही थोडा रुबाब वाढे, हे खोटं कशाला बोलू?

अण्णांची एक सवय होती. त्या काळी गावोगाव वीज नसे, तेव्हा मच्छिंद्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर स्पीकर चालवत. बॅटरी उतरू नये म्हणून अण्णा भारूड म्हणताना खटका चालू करत आणि साधं बोलायचं झालं की अंगठ्यानं हळूच बंद करत. त्यानं बॅटरी वाचत नाही, हे मच्छिंद्रनी त्यांना कितीदा तरी सांगितलं. अण्णा मान डोलवत आणि परत तेच करत. पुढं वीज आली, बॅटरी गेली, पण अंगठ्याची सवय काही गेली नाही. सोंग चालू, माणूस बंद.

मग बिनवायरीचे माईक आले, कपाटाएवढे डीजे आले. मच्छिंद्र थकले. त्यांनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. नऊ वर्षं मी त्या ट्रंकेत होतो. मित्रांनो, अंधाराचं मला काही वाटत नाही. पण बाहेर माणसं बोलत असतात, आवाज येतो, शब्द कळत नाहीत, आणि आपल्याला कोणी विचारत नाही, हे फार जड जातं. पहिल्या वर्षी ट्रंकेला हात लागला की मला वाटायचं, आली कार्यक्रमाची सुपारी. नंतर वाटायचं बंद झालं.

मला बाहेर काढलं मच्छिंद्र यांच्या मुलीनं, पौर्णिमानं. ती नाटकात काम करायचं म्हणून सहा वर्षं मोठ्या शहरात राहिली आणि मागच्या वर्षी बॅग घेऊन परत आली. का आली, हे तिनं घरात कोणाला सांगितलं नाही. मच्छिंद्र तिला स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भर म्हणत होते. तिनं त्याऐवजी मोबाईलवर एक चॅनेल काढलं. जिल्ह्यातल्या कलावंतांना भेटायचं, गप्पा मारायच्या आणि त्या लोकांना दाखवायच्या. नवीन माईक घेणं तिला परवडत नव्हतं. एका छोट्या डबीतून तिनं मला मोबाईलला जोडलं. पहिल्या दिवशी तिनं मला टिचकी मारली नाही, म्हणून मी तिचा झालो.

आम्ही दोघं वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपमधून खूप फिरलो. तुळजापूरला एक संबळ वाजवणारे भेटले, त्यांनी सांगितलं की हात शिकायला दोन वर्षं लागतात आणि कधी वाजवायचं नाही हे शिकायला वीस. लोहाऱ्यात पाट्या रंगवणारे बंडप्पा पेंटर होते. फ्लेक्स आल्यापासून ते घरांना रंग देतात, पण सणाला अजून स्वतःच्या दारावर एक अक्षर नव्यानं काढतात. पौर्णिमा प्रत्येकाला तेच विचारायची. हे आपल्याला येतं असं कधी कळलं? पोट कसं भरलं? सोडून द्यावं असं वाटलं का? विचारताना तिचा आवाज थोडा खाली जाई. ती स्वतःसाठीच विचारत होती, हे माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नसावं. सगळ्यात शेवटचा प्रश्न ठरलेला असे, "तुमच्या घडणीत तुम्ही कुणाचं नाव घ्याल?" बहुतेक जण गुरूचं घेत, कोणी वडिलांचं.

मग आम्ही माकणीला अण्णांकडे गेलो. किती वर्षं झाली होती! अण्णांचे केस पांढरे झाले होते, दात पडले होते. पण मला हातात घेतल्याबरोबर त्यांचा अंगठा नेमका खटक्यावर गेला. त्यांच्या पत्नी शरणम्माकाकूंनी चहा दिला आणि त्या जनावरांना पाणी दाखवायला मागं गेल्या. अण्णांनी भारूड म्हणून दाखवलं. त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य आलं, ज्याच्यावर माणसं हसून लोळायची: "माझ्यापरीस चूल बरी, तिला रोज कुणीतरी फुंकर तरी घालतंय."

पौर्णिमा हसली आणि तिनं शेवटचा प्रश्न विचारला, "अण्णा, तुम्ही कुणाचं नाव घ्याल?"

अण्णा लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. आमच्याकडं नाव घेणं म्हणजे दुसरं काय? लग्नात, हळदीकुंकवात घेतात तेच. त्यांना वाटलं, ही पोरगी आता म्हातारपणी बायकोचं नाव घ्यायला लावते. त्यांनी मागच्या दाराकडं पाहिलं आणि अंगठा खाली सरकला. मी बंद झालो, पण मला ऐकू येतच होतं.

"नाव घ्यायचं म्हणशील तर तिचंच घ्यावं लागल," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "ही सगळी वाक्यं तिची हायत. म्या एक बी रचलेलं न्हाय."

"म्हणजे?" पौर्णिमानं विचारलं.

"चुलीचं वाक्य हाय न्हवं, ती एकदा मला खरंच म्हणली हुती. रडत म्हणली. म्या आठ दिसांनी यात्रेत सोंगात घातलं. लई लोक हसले. स्पीकरचा कर्णा हुता देवळावर, तिला घरी समदं ऐकू गेलं. तिचं वाक्य बी, आन् लोकांचं हसणं बी."

अण्णांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

"चार दिस बोलली न्हाय माझ्याशी. पाचव्या दिशी म्हणली, वाक्य चुकीचं म्हणलासा. 'रोज' मागं टाकलासा, त्ये पुढं घ्या, मग लोक निवांत हसत्याल. तवापासनं गावातल्या हर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिशी ती चुका सांगायची. घरी बसून, कर्ण्यावर ऐकून. जनावरं कोण बघणार, म्हणून एकदा बी कार्यक्रमाला आली न्हाय."

मित्रांनो, मला घाम फुटत नाही, पण त्या दिवशी फुटला असता. त्या यात्रेत अण्णांच्या हातात मीच होतो. एका बाईचं घरातलं रडणं मीच उचलून देवळावरच्या कर्ण्यापर्यंत पोचवलं होतं आणि वर स्वतःच्या आवाजावर खूश झालो होतो. मी काय पोचवतो, हे मला तोवर कधी कळलंच नव्हतं.

लोहाऱ्याला परतल्यावर पौर्णिमानं मोबाईल लावून पाहिला. भारूड होतं. फुंकरीचं वाक्य होतं. आणि त्यानंतर अण्णांचे ओठ हलत होते, डोळे ओले होत होते आणि आवाज काहीच नव्हता. ती ते दहा मिनिटांचं मुकं चित्र परत परत बघत राहिली. पन्नास माणसांना विचारल्यावर एकानं तिला खरं उत्तर दिलं होतं, आणि ते नेमकं गेलं होतं. "हा माईकच दगाबाज आहे," ती वडिलांना म्हणाली. मला फार लागलं, पण ती चुकीचं बोलत नव्हती.

आठ दिवसांनी तिनं उसनवारी करून एक कॉलरमाईक आणला. करंगळीच्या पेराएवढा, शर्टाच्या गुंडीला लावायचा, खटका नसलेला. आम्ही परत माकणीला गेलो. मला कशाला नेलं? अण्णांनी फोनवरच सांगितलं होतं, "हातात माईक असल्याबिगर मला बोलाय येत न्हाय बघ." म्हणून मी त्यांच्या हातात होतो, पण माझी वायर लोहाऱ्यालाच राहिली होती. मी नुसता शोभेचा. सगळं काम गुंडीवरचा तो पोरगेला करत होता.

या वेळी शरणम्माकाकू उंबऱ्यात तूर निवडत बसल्या होत्या. पौर्णिमानं तोच प्रश्न विचारला. अण्णांनी काकूंकडं पाहिलं, अंगठा खाली सरकवला आणि बोलायला तोंड उघडलं. आता पौर्णिमानं गप्प बसायचं तेवढं होतं. अण्णा बोलून गेले असते आणि तिला हवं ते सगळं मिळालं असतं. मी मनात म्हणत होतो, असं करू नकोस बाई. मी एकदा केलंय.

"अण्णा, थांबा," पौर्णिमा म्हणाली. "तुमच्या हातातला बंद आहे. पण गुंडीचा चालू आहे. तुम्ही बोलाल ते सगळ्यांना ऐकू जाईल. नको असेल तर मी काढते."

अण्णांनी गुंडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. किती तरी वेळ ते नुसते माझ्या खटक्यावरून अंगठा फिरवत राहिले. तुरीत खडा सापडला की काकू तो ताटलीत टाकत, तेवढाच आवाज होता. मग त्यांनी खटका वर सरकवला. वायर नसलेल्या मला त्यांनी तोंडासमोर धरलं आणि जन्मभर सोंगात यमकं म्हणणारा तो माणूस नाव घेताना यमकाशिवाय बोलला.

"शरणम्मा. आमच्या घरच्या. समदी वाक्यं त्येंची हायत. आवाज तेवढा माझा."

काकूंचा हात सुपात थांबला. "म्हातारपणी येड लागलंय," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

ती मुलाखत पुष्कळ लोकांनी पाहिली. पौर्णिमानं परीक्षेचा फॉर्म भरला की नाही, मला ठाऊक नाही, कारण ती जाताना मला अण्णांच्याच हातात सोडून गेली. गुंडीवरचा नवीन पोरगा आल्यावर माझं तिच्याकडं काय काम? पुढं तिनं ती मुलाखत अण्णांच्या मोबाईलवर पाठवली, ती काकूंनी पाहिली. त्या शेवटपर्यंत बघून एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीया."

आता मी माकणीत एका फळीवर असतो, डब्यांच्या रांगेत. धूळ बसते. अण्णा दिवसभर पारावर असतात, लोक त्यांच्याभोवती जमतात. काकू घरी एकट्या असतात आणि मी एकटा असतो, पण एकटी माणसं एकाच घरात असली म्हणून सोबत होतेच असं नाही. दोन महिने त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

परवाच्या दुपारी जनावरं सावलीला बांधून काकू आत आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला फळीवरून उचललं. पदरानं माझी जाळी पुसली. खटका वर सरकवला. मग त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी अण्णांचं सोंग काढलं. घरातल्या तालमीत पाहिलेले, लुगडं नेसून बाई झालेले अण्णा, तो तोरा, ते मान वेळावणं, टाळी मिळाल्यावरचं ते थांबणं. आणि त्यात त्यांनी स्वतःची नवी वाक्यं घातली. अर्धा तास. मी आयुष्यात एवढे कलावंत ऐकले, पण असं ऐकलं नाही. पुढं एकही माणूस नव्हता, मला वायर नव्हती. संपल्यावर त्यांनी खटका खाली सरकवला, मला डब्यांच्या रांगेत ठेवलं आणि त्या चूल पेटवायला गेल्या.

मित्रांनो, तुम्ही विचाराल की ती वाक्यं कोणती. मी सांगणार नाही. एकदा त्यांचं बोलणं मी त्यांना न विचारता गावभर केलं, पुन्हा करणार नाही. तुम्ही त्यांनाच विचारा. माकणीला कोणीही घर दाखवेल, फक्त अण्णांचं घर म्हणू नका, शरणम्माकाकूंचं घर कुठं आहे असं विचारा. दुपारी त्यांना थोडा वेळ असतो. त्या हो म्हणाल्या तर मी आहेच. येताना वायर तेवढी आणा.