आतनं गार

लढाईचे दिवस होते. आटपाडीकडच्या माळावर भर दुपारी कोरं आभाळ गडगडलं आणि हरणाबाईच्या रानात एक काळा दगड येऊन रुतला. वाडीनं तिथल्या तिथं निवाडा केला: देव तापून खाली आलाय, तो निवेपर्यंत या रानाला पेरणीची तिफण लावायची नाही. एकट्या बाईच्या रानाबद्दल वाडीचं एकमत फार पटकन होतं.

हरणाबाई रोज सकाळी दगडावर ताक ओतायची. तापलेल्या देवाला ताकानं निववायचं, एवढं तिला ठाऊक होतं. पण देव निवला, हे सांगायचं कुणी? शाळूच्या पेरणीची ओल उडून चालली होती आणि तिच्याबरोबर वर्षाची भाकरीही.

बातमी ऐकून सांगलीच्या कॉलेजातले रसायनाचे मास्तर आले. दगडाला ताकाचा आंबूस वास मारत होता. त्यांनी कपाळाला हात लावला. मग एक कोपरा फोडला. वर कांद्याच्या सालीएवढं काळं कवच, आत करडा दगड आणि त्यात राजगिऱ्यासारखे गोल दाणे. पडताना फक्त साल भाजली, आत आच पोचलीच नाही, असं मास्तर म्हणाले. वाडीतले वडीलधारे आप्पासो पटत नसल्यासारखी मान हलवत राहिले.

मास्तरांनी आतला चुरा काचेच्या नळीत घातला आणि खाली दिवा धरला. नळीच्या गार गळ्याशी दव जमलं. आत आच पोचली असती तर हे पाणी उरलंच नसतं, असं ते म्हणाले.

हरणाबाईचा जीव टांगणीला लागला होता, तरी तिला गप्प बसवेना. "मास्तर, ते माजं ताक आसंल."

मास्तर हसले आणि आच वाढवत राहिले. दवाशेजारी पिवळं कडं उमटलं.

"हे मात्र ताक नाही. हे गंधक. आच लागली की कापरासारखं उडून जातं. पृथ्वी व्हायच्या आधीपासून ते या दगडात टिकून होतं. म्हणजे याच्या पोटाला खरी आच लागली ती आज, या दिव्याची."

हरणाबाईच्या अंगावर काटा आला. डोंगर नव्हते, कृष्णा नव्हती, तेव्हाचं कुणीतरी तिच्या रानात येऊन बसलं होतं आणि ती त्याला रागीट समजत होती. तिनं फुटलेल्या जागेवर तळवा ठेवला. गार लागलं. आप्पासोंनीही बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"उद्या पेरून घे, हरणा," ते म्हणाले.

मास्तरांनी दगड सांगलीला न्यायची परवानगी मागितली. हरणाबाईनं घरातलं घोंगडं आणलं आणि तो नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

"सावलीसावलीनं न्या," ती म्हणाली. "लय जपून आलाय त्यो."