मानेतली उरलेली गाठ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या ताईच्या मानेवर डाव्या बाजूला गाठी आल्या, तेव्हा तिने सगळं खापर अक्कलदाढेवर फोडलं. दाढ काढली तरी गाठी हलेनात. मग सोनोग्राफी आणि सुईने तपासणी झाली आणि क्षयरोग निघाला. छाती साफ होती. रोग मानेतल्या ग्रंथींतच ठाण मांडून बसला होता. गोळ्या सुरू झाल्या. मळमळ गिळून ताई कामावर जायची. कुणी विचारलं, तर "मान अवघडलीय" म्हणून मोकळी व्हायची.

धाकटा भाऊ तिच्यासोबत राहायचा. गाडी चालवायला शिकवणं हा त्याचा धंदा; दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबायची सवय घरीही सुटत नसे. तिसऱ्या महिन्यात त्यानेच आधी तोंड उघडलं.

"ताई, वरची गाठ वाढलीय."

"घरात आरसा आहे, बाबा."

"म्हणजे गोळ्या वाया गेल्या. कापून टाकू. सर्जनची वेळ घेतलीय मी."

"मान माझी आणि वेळ तू घेतलीस?"

दोन दिवस घरात अबोला. गोळ्यांचा उपयोग नाही ही भीती ताईलाही होती, पण ते त्याच्यापुढे कबूल करायला ती तयार नव्हती. शेवटी तह झाला: आधी पुन्हा सोनोग्राफी, मग सर्जन; त्याची वेळ पुढे ढकलली.

खोलीत अंधूक उजेड होता. डॉक्टरीणबाईंनी मानेवर गार जेल लावून मशीनचा दांडा फिरवायला सुरुवात केली. त्या काही बोलेनात, तशी ताई म्हणाली, "पडदा जरा इकडे वळवता का? नाही कळलं तर विचारीन."

बाईंनी पडदा वळवला. शेजारी पहिल्या तपासणीचं चित्र लावलं.

"ही वाढलीय, खरंय. पण खालच्या दोन बऱ्याच आक्रसल्यात. आणि ही आतून काळी दिसते ना, तिथे पू साठलाय. मागच्या वेळी हे रंग भरपूर होते, म्हणजे रक्तप्रवाह जास्त होता. आज तुरळक आहे."

"मग हे चांगलं की वाईट?" भाऊ कोपऱ्यातून म्हणाला.

"औषध लागू पडत असतानाही गाठ कधीकधी फुगते. मेलेल्या जंतूंवरसुद्धा शरीर चवताळतं. पण औषधाला न जुमानणारे जंतू असले तरी गाठ वाढते. नुसतं बघून मी छातीठोक सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून सुईने पू काढते, तपासायला पाठवू. तोवर गोळ्या चुकवू नका, आणि कापायची घाईही नको."

पडद्यावर सुई बारीक पांढऱ्या रेघेसारखी गाठीत शिरली. ताईने डोळे मिटले नाहीत. मिटले ते भावाने.

अहवालाला काही आठवडे लागले. जंतू वाढतात का, हे बघायलाच तेवढा वेळ लागतो. भाऊ घरात येरझारा घालायचा. ताई गोळ्या घ्यायची आणि त्याच्याकडे न बघता जेवायची. निरोप आला तेव्हा ती एका इमारतीच्या गच्चीवर मोटर उघडून बसली होती. पूमध्ये एकही जंतू वाढला नव्हता; गोळ्या लागू पडत होत्या. तिने फोन खिशात टाकला, पाना उचलला, पण नट काही केल्या पकडीत येईना. तिने पाना खाली ठेवला. मग भावाला फोन केला. सर्जनची वेळ त्याने त्याच दुपारी रद्द केली.

औषधांचा काळ संपताना पुन्हा सोनोग्राफी झाली. काळा भाग भरून आला होता, बाकीच्या ग्रंथी चपट्या झाल्या होत्या. वरच्या गाठीच्या जागी मात्र वाटाण्याएवढी कडक गोळी होती.

"ही कदाचित अशीच राहील," बाई म्हणाल्या. "आता तिच्यात रोगाची लक्षणं दिसत नाहीत. वाढली, दुखली, तर लगेच या."

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं आणि औषध थांबवलं.

"राहील म्हणजे काय?" बाहेर पडल्यावर भाऊ उसळला. "एवढं करून राहिलीच ना?"

"राहू दे," ताई म्हणाली. "रोग तर गेला." भर फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ती रडली. भावाने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि बस आली तरी तो हात दाखवायचं विसरला.